शेंदरी तागा

सोमवारी दुकानाला सुट्टी असायची, आणि वाटण्या झाल्यापासून धाकटीने या दुकानाचा उंबरा ओलांडला नव्हता. समोरच्याच फुटपाथवर तिचं स्वतःचं तयार कपड्यांचं दुकान होतं. दोन्ही दुकानांच्या पाट्या दिवसभर एकमेकींकडे डोळे वटारून बघत असायच्या. त्यामुळे त्या सोमवारी सकाळी ती तरातरा रस्ता ओलांडून आली, अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून आत शिरली आणि "आलेय मी," म्हणाली, तेव्हा थोरलीच्या हातातला तागा हातातच राहिला.

"ताईंसाठी आलेय," धाकटीने लगेच खुलासा केला. "उगाच गैरसमज नको."

"माझा कसला आलाय गैरसमज?" थोरली म्हणाली. "बस की. ते स्टूल तुमच्याच वाटणीला आलं होतं, न्यायचं राहून गेलंय."

कोपऱ्यात उभ्या असलेल्या दोघींच्या नणंदेने, म्हणजे आत्याने, हसू दाबलं. आपल्या लग्नाने बाकी काही साधो न साधो, या दोघी जावा एका छपराखाली आल्या, एवढं तरी झालं म्हणायचं.

लग्न. अठ्ठावन्नाव्या वर्षी. हा शब्द अजून आत्याच्या स्वतःच्याच जिभेवर नीट बसला नव्हता. सगळी हयात तिने जनावरांच्या दवाखान्यात काढली होती. अडलेल्या गाई, लंगडे घोडे, काटा गिळलेली कुत्री. मग एक दिवस नाक्यावरचे चष्मेवाले आपलं मांजर घेऊन आले. मांजराच्या डोळ्यात फूल पडलं होतं. डोळा बरा झाला, तरी चष्मेवाले दर आठवड्याला टोपलीत मांजर घालून येतच राहिले. शेवटी मांजर कंटाळून टोपलीत बसेना, तेव्हा ते एकटेच आले आणि विचारते झाले.

आता पंधरवड्यावर लग्न आलं होतं. सह्या करायच्या, घरच्या घरी जेवायचं आणि सगळ्यांनी मिळून एक फोटो काढायचा, एवढाच बेत होता. आत्याचं म्हणणं, त्यासाठी नवा खाकी शर्ट आणि पॅन्ट पुरे. हे तिने घरात बोलून दाखवलं आणि तिथेच चुकलं.

"खाकी!" थोरलीने तेव्हापासून हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारला होता. आताही ती तागा उलगडत म्हणाली, "वन्सं, तुमचा भाऊ कापडवाला, तुमचे वडील कापडवाले. आणि तुम्ही लग्नात खाकी घालणार? उद्या गिऱ्हाईक आमच्या दुकानात पाऊल ठेवेल का? हे बघा. मरून. असा भारदस्त रंग दुसरा नाही. वयाला शोभतो, पदाला शोभतो."

"मरून?" धाकटी स्टुलावरून उठलीच. "वहिनी, सोफ्याचं कापड आहे ते! ताई, तुम्ही हा मोतिया बघा. मी माझ्या दुकानातून मुद्दाम आणलाय. फिका, शांत. आता सगळीकडे हेच चाललंय."

"मोतिया नको," आतल्या आरामखुर्चीतून आवाज आला. आई गेला अर्धा तास डोळे मिटून बसली होती. ती झोपली असेल, असा सगळ्यांचा समज होता. "गुलाबी घ्या. फिकट गुलाबी. तोंडावर जरा उजेड पडतो त्याने. तिला उजेडाची गरज आहे."

आत्याने नेहमीप्रमाणे हे वाक्य एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. निदान तसं दाखवलं. आई लख्ख गोरी होती, दोन्ही भाऊ तिच्यावर गेले होते. आत्या मात्र सगळी बापावर गेली होती. तोच सावळा, दाट रंग, तीच रुंद जिवणी. लहानपणापासून आईने तिच्यासाठी दोन गोष्टी ठरवून टाकल्या होत्या: अंगावर गुलाबी आणि तोंडावर पावडर.

कॉलेजात पहिली आल्याबद्दल तिला पदक मिळालं होतं, तेव्हा आईने फोटोआधी तिच्या तोंडावरून पावडरीचा असा काही हात फिरवला, की फोटोत चेहरा एका मुलीचा आणि मान दुसऱ्या मुलीची. वर्गातल्या पोरांनी तो फोटो बघून दात काढले. सगळ्यांत आधी आत्या स्वतःच हसली होती, कारण आधी हसलं की कमी लागतं. पण त्यानंतर तिने गुलाबी टाकला आणि खाकी, राखाडी, चॉकलेटी असे मळखाऊ रंग धरले. जनावरांच्या कामाला बरे पडतात, असं ती सांगायची. ते खरंही होतं. फोटो काढायची वेळ आली की मागच्या रांगेत जाऊन उभं राहायलाही ते रंग बरे पडायचे.

"गुलाबी?" थोरली आणि धाकटी एकदमच म्हणाल्या, आणि एकमेकींकडे बघून चपापल्या. कितीतरी दिवसांनी दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

"सासूबाई, गुलाबी म्हणजे अगदीच बाळाच्या दुपट्यासारखं," धाकटी म्हणाली.

"तेच तर," थोरली म्हणाली. "त्यापेक्षा मरून बरा."

"त्यापेक्षा मोतिया बरा."

"मोतिया एका जेवणात पिवळा पडेल. आई, तुम्हीच सांगा हिला."

"मोतिया नकोच," आई म्हणाली. एका क्षणात थोरली आईच्या बाजूला गेली आणि धाकटी एकटी पडली.

आत्याने घड्याळाकडे बघितलं. एका गोठ्यावर टाके काढायला जायचं होतं. "हे बघा," ती म्हणाली, "तुम्ही तिघी ठरवा आणि मला कळवा. मी तोवर..."

"तू कुठेही जात नाहीयेस." शटर खडाखडा वर गेलं आणि सकाळचं ऊन थेट गल्ल्यापर्यंत आत आलं. दारात चिऊ उभी होती. खांद्याला मोठी पेटी, दुसऱ्या हातात बादली आणि टॉवेल. चिऊ ही धाकटीची मुलगी. पण ती लहानाची मोठी झाली थोरलीच्या गल्ल्यावर, तागे मोजत. वाटण्यांनंतरही ती दोन्हीकडे जेवायची आणि दोन्हीकडे बोलणी खायची. नुकतंच तिने मेकअपचं शिक्षण पुरं केलं होतं आणि घरातला एकही चेहरा अजून तिच्या हाती लागला नव्हता.

"आत्या, तोंड धुवून घे. साबणाने. आणि इथे दारात बस. दिव्याखाली रंग बघायचा नसतो."

"का गं?"

"दिवा खोटं बोलतो. ऊन बोलत नाही."

आत्या जनावरांना धाक दाखवत असे, पण या पोरीपुढे तिचं काही चालत नसे. ती तोंड धुवून आली आणि स्टुलावर बसली. चिऊने तिच्या खाकी शर्टावरून मानेपर्यंत एक पांढरी चादर गुंडाळली आणि केस मागे बांधून टाकले. रस्त्यावरून जाणारा दूधवाला सायकल हळू करून बघायला लागला.

"पुढे बघ, पुढे!" थोरली त्याच्यावर ओरडली.

"बाजारात म्हैस बघतात तसं वाटतंय मला," आत्या म्हणाली. "दात दाखवू का?"

"मनगट दाखव." चिऊने तिचा हात उन्हात उलटा केला. "शिरा बघ. हिरवट दिसतात की निळसर? हिरवट. म्हणजे तुझ्या कातडीच्या आतून पिवळी, उबदार झाक आहे. सावळा, गोरा हे वरचं झालं. खरी गंमत आतल्या झाकेत असते."

"बघू," म्हणत धाकटीने आपलंही मनगट पुढे केलं. थोरलीने जरा वेळ थांबून, कुणाचं लक्ष नाही असं बघून, स्वतःचं उलटून बघितलं.

"आता मी एकेक कापड हनुवटीखाली धरते. तुम्ही कापडाकडे बघायचं नाही, चेहऱ्याकडे बघायचं. आधी मोतिया, माझ्या आईच्या मनासारखा."

तिने मोतिया धरला. सगळ्यांनी माना वाकड्या केल्या. धाकटी बघत राहिली, मग तोंड बारीक करून म्हणाली, "ताई, काल झोप झाली नाही का?"

"चांगली आठ तास झोपलेय."

"मग हा तो रंग करतोय," चिऊ म्हणाली. "डोळ्यांखाली बघ, काळं उठून आलं. आता मोठ्या आईचा मरून."

मरून धरला, तशी थोरली खुशीत आली. "बघा, कसा छान दिसतोय!"

"काय छान दिसतंय?"

"रंग."

"आणि आत्या?"

थोरलीने परत बघितलं. खरंच, आधी नजर कापडावर जात होती आणि तिथेच राहत होती. वरचा चेहरा म्हणजे दुकानातल्या पुतळ्याचा असता तरी चाललं असतं. थोरली मरून गुंडाळायला लागली. धाकटी हसली नाही, ही तिची मोठीच मेहेरबानी होती.

गुलाबी धरल्यावर आत्याने डोळेच मिटून घेतले. "राखेसारखी दिसते," धाकटी हळूच म्हणाली. "राख नाही, ढगाळ हवा," थोरलीने दुरुस्ती केली.

"मला तर बरी दिसतेय," आई खुर्चीतून म्हणाली.

"सासूबाई, तुमचा चष्मा कुठाय?"

"मोडलाय. दुरुस्तीला दिलाय चष्मेवाल्यांकडे."

"म्हणजे तुम्ही चष्म्याशिवाय सकाळपासून रंग सुचवताय?"

"गुलाबी बघायला चष्मा कशाला लागतो? मला पाठ आहे."

चिऊने मग आत्याच्या खाकी शर्टाची कॉलर चादरीखालून वर ओढली आणि हनुवटीला लावली. "आणि ही बघा आपली लाडकी खाकी. ही सगळ्यांत वाईट. आत्या, तू हिच्यात दिसतच नाहीस गं. भिंतीत भिंत."

न दिसण्यासाठीच तर तो रंग घेतला होता, आणि त्याने आपलं काम इमानेइतबारे केलं होतं. पण ते या पोरीच्या तोंडून असं उघड्यावर ऐकताना तिचा हात आपोआप कॉलर पुन्हा चादरीखाली ढकलायला गेला.

"गडद हिरवा बघू," चिऊ शेल्फांकडे वळली. "मोरपंखी. मोहरीचा पिवळा. आणि तो वरचा काय आहे, कोपऱ्यातला? दादाकाका!"

गल्ल्यामागे वर्तमानपत्र उघडून बसलेला दादा, म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, सकाळपासून श्वाससुद्धा जपून घेत होता. त्याने कागद खाली केला. "तो? तो शेंदरी आहे. पडून राहिलेला माल. कुणी घेत नाही, फार भडक आहे."

"काढ ना."

"शिडी लावावी लागेल."

"लाव की मग," थोरली आणि धाकटी पुन्हा एकदमच म्हणाल्या.

दादा कुरकुरत शिडीवर चढला आणि धुळीसकट तागा खाली आला. चिऊने तो झटकला, दोन हात कापड उलगडलं आणि आत्याच्या दोन्ही खांद्यांवरून खाली सोडलं.

सगळ्या जणी एकदमच दोन पावलं मागे सरकल्या.

आत्याला आरसा दिसत नव्हता. तिला समोरचे चेहरे तेवढे दिसत होते. तिला वाटलं, झालं, या वेळी फारच वाईट दिसत असणार. मग थोरलीने कमरेवरचा हात काढला आणि म्हणाली, "अगं बाई."

"ताई!" धाकटी म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळाच आला होता.

"भडक आहे," आई म्हणाली.

"आजी, चष्मा नाही ना तुझ्याकडे?"

"भडक आहे म्हणून तर दिसलं."

चिऊने मोठा आरसा ओढत आणला. आत्याने बघितलं. त्या रंगाची धग जणू तिच्या गालात उतरली होती. डोळ्यांखालचं काळं कुठे गेलं कुणास ठाऊक. रोज केस विंचरताना दिसणारी ती बाईच ही, पण कुणीतरी तिच्यावरची धूळ पुसली असावी. आत्याने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. आजारी जनावर उठून उभं राहिलं की ती अशीच दोन्ही बाजूंनी बघायची.

"हलू नकोस," चिऊ म्हणाली आणि पेटी उघडली.

पेटीत गोरेपणाच्या पायऱ्या मांडाव्यात तशा, तोंडाला लावायच्या रंगाच्या दहा कुप्या होत्या. त्यांतल्या आठ तर बिस्किटापासून मलईपर्यंतच्याच. "बघ, आम्हाला शिकवताना हेच दिलं," चिऊ वैतागून म्हणाली. "शेवटच्या दोन मिसळून तुझा रंग बनवावा लागणार. आणि हातावर लावून बघायचं नाही, इथे जबड्याच्या कडेला लावायचं. चेहरा आणि मान एकच दिसली पाहिजे. दिसलंच नाही लावलेलं, तर ते बरोबर."

"आणि पावडर?" आईने विचारलं.

"नाही, आजी."

"थोडीशी तरी?"

"आजी!"

आत्याच्या जबड्यावर चिऊची बोटं फिरत होती. आई पावडर लावायची तेव्हा ती घासून लावायची, डाग काढावा तशी. ही पोर मात्र हळूच थोपटत होती. शेवटी तिने विटेच्या रंगाची लिपस्टिक लावली आणि मागे सरून बघितलं. ज्या रुंद जिवणीबद्दल आत्याने जन्मभर ओठ मिटून फोटो काढले, ती जिवणी आता सगळ्या चेहऱ्याची मालकीण असल्यासारखी बसली होती.

"बाई गं, मी..." आत्या स्टुलावरून उठून आरशासमोर मधोमध उभी राहिली. "मी बरी दिसते."

"बरी?" थोरलीने कपाळावर हात मारला. "अहो, मी इतकी वर्षं हे कापड विकायला बसलेय आणि घरातच पुतळा होता!"

धाकटी खळखळून हसली. थोरलीही हसली. दोघी शेंदरीचं एकेक टोक धरून, त्याच्या बाह्या कशा असाव्यात यावर लगेच भांडायलाही लागल्या. पण हे भांडण वेगळं होतं, जुन्या दिवसांतलं, चव असलेलं.

तेवढ्यात दारात सावली पडली. "येऊ का?" चष्मेवाले होते. हातात आईच्या चष्म्याचं घर. "दुरुस्त झालाय. म्हटलं, जाता जाता देऊन..." त्यांनी आत्याकडे बघितलं आणि ते उंबऱ्यातच थांबले.

"या, या!" चिऊ टाळ्या पिटत म्हणाली. "सांगा, कशी दिसते आत्या?"

चष्मेवाल्यांनी मान जरा वाकडी करून बघितलं. "छान," ते म्हणाले. मग विचार करून, काहीतरी नेमकं बोलावं अशा सुरात म्हणाले, "नेहमीचाच खाकी आहे ना? शर्टाला जुळेल असा. छान आहे."

दोघी जावांच्या हातातली शेंदरीची टोकं एकदमच सुटली.

"खाकी?" थोरली म्हणाली.

चष्मेवाल्यांनी एकेकीच्या तोंडाकडे बघितलं आणि हातातलं चष्म्याचं घर उगाच उघडून मिटलं. "खाकी नाही का?"

"शेंदरी आहे," आत्या हळू म्हणाली. "भडक शेंदरी."

"अच्छा." त्यांचे कान लाल झाले, हे त्यांना सोडून बाकी सगळ्यांना दिसलं. "मग सांगायलाच हवं. मला लाल आणि हिरवा कळत नाही. केशरी, शेंदरी, तेही नाही. जन्मापासूनच. सगळं एक मातकटसं दिसतं."

"आणि तुम्ही चष्म्याचं दुकान चालवता!" धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणूनच तर बोललो नाही कुठे. डोळ्यांचं दुकान आणि मालकाचेच डोळे असे. फ्रेमांवर मी रंगाच्या चिठ्ठ्या लावून ठेवतो. यांनाही सांगायचं होतं, पण विषयच निघाला नाही. या नेहमी खाकीत, आणि खाकी मला अगदी नीट दिसतो."

खाकी नीट दिसतो. जन्मात पहिल्यांदा आरशात बघावंसं वाटलं, आणि ज्याला दाखवायचं त्याला यात आणि मळखाऊ शर्टात फरकच दिसत नव्हता. तिला हसावं की रडावं कळेना. सवयीने ती आधी हसणार होती, पण हसू आलं नाही.

तोवर दुकानात नवी फळी उभी राहिली होती. "मग दुसरा रंग घ्यायला हवा," थोरली म्हणाली. "नवरदेवाला दिसेल असा. अहो, तुम्हाला कोणता दिसतो?"

"निळा. पिवळा."

"निळा!" धाकटी धावली. "माझ्याकडे राजेशाही निळा आहे. चालेल ना गं चिऊ तो आत्याला?"

"चालेल," चिऊ नाखुशीने म्हणाली. "चांगला दिसेल. पण हा म्हणजे हाच आहे."

"ज्याच्याशी लग्न, त्याला नको का दिसायला?" थोरली म्हणाली.

"नाहीतर मग उपयोग काय?" धाकटी म्हणाली. ज्या दोघी आत्ता शेंदरीच्या बाह्यांवरून भांडत होत्या, त्याच आता निळ्यावर एक झाल्या होत्या. दादाने परत वर्तमानपत्र वर केलं.

"थांबा जरा," आत्या म्हणाली. कळपाला थांबवायचा तिचा तो आवाज होता, आणि सगळे थांबले. ती शेंदरी खांद्यावर तसाच ठेवून चष्मेवाल्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "मला खरं सांगा. मी निळा घेतला तर तुम्हाला आवडेल?"

चष्मेवाल्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांचा हाच गुण तिला आवडला होता. मांजराबद्दल विचारलं तरी ते आधी विचार करायचे. "आवडेल," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? निळ्यात मला तुम्ही पूर्ण दिसाल. पण एक सांगू? मघाशी मी दारात आलो तेव्हा तुम्ही आरशासमोर उभ्या होता. मला वाटलं, दुसऱ्याच कुणीतरी बाई आहेत, मी परत फिरणार होतो. तुम्ही एरवी अशा उभ्या राहत नाही. एरवी तुम्ही, म्हणजे, जरा बाजूला उभ्या राहता. आज मधोमध होता. रंग मला दिसला नाही. ते मात्र दिसलं."

निळा घेणं सोपं होतं. सगळे खूश झाले असते, हे भले गृहस्थही खूश झाले असते, आणि निळ्यात ती वाईटही दिसली नसती. आईसाठी गुलाबी घातला, लोकांसाठी खाकी घातली, आता यांच्यासाठी निळा. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण आरशातली ती बाई अजून तिच्या पाठीमागे उभी होती, आणि तिला तिथेच सोडून जाणं आत्याच्या जिवावर आलं.

"तुम्हाला निळा दिसतो ना?" ती म्हणाली. "मग निळा तुम्ही घाला. मी शेंदरी घालते."

चष्मेवाले हसायला लागले, खांदे हलेपर्यंत. त्यांचं बघून चिऊ, मग धाकटी. थोरली म्हणाली, "अहो, पण फोटोत शेंदरी आणि निळा शेजारी..."

"फार सुंदर दिसतात, मोठी आई," चिऊ डोळे पुसत म्हणाली. "एकमेकांना उठाव देतात."

"माझा चष्मा द्या आधी," आई ओरडली. "सगळे हसताहेत आणि मला काही दिसत नाहीये."

चष्मेवाल्यांनी चष्मा पुसून तिच्या नाकावर नीट बसवला, कानामागे काड्या जरा दाबल्या. आईने डोळे बारीक केले आणि लेकीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आत्याने मनातल्या मनात पाठ ताठ केली.

"बापासारखी दिसतेस," आई म्हणाली.

हे वाक्य आत्याने जन्मभर ऐकलं होतं. प्रत्येक वेळी त्याच्या मागून एक उसासा यायचा. आज उसासा आला नाही. तिने थांबून बघितलं, तरी आला नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? चांगला दिसायचा तो. उन्हातून आला की असाच दिसायचा. मी काय डोळे मिटून लग्न केलं होतं त्याच्याशी?"

"आई! मग मला कशाला एवढी पावडर फासायचीस?"

"सगळ्या आया फासायच्या," आई म्हणाली, जणू हवेबद्दल विचारलं होतं. "मला अजूनही गुलाबीच बरा वाटतो. पण हा वाईट नाहीये."

घरातल्या कुणालाही आईकडून एवढी मोठी पावती आजवर मिळाली नव्हती. दादाने वर्तमानपत्र घडी करून ठेवलं, कापड मोजायचा गज आणला आणि शेंदरी गल्ल्यावर पसरला. मापं घेताना तो मध्येच थांबला. "बघ हं," तो आत्याला म्हणाला. "एकदा कात्री लागली की परत घेत नाही मी. बहीण असलीस तरी."

"काप," आत्या म्हणाली.

कात्री सर्रकन शेवटपर्यंत गेली. धाकटीने कापलेलं कापड घडी घालून उराशी धरलं. "शिवून मी देणार. माझ्याकडचा शिंपी चांगला आहे."

"तुझा शिंपी बाह्या तोकड्या करतो," थोरली म्हणाली. "मी येईन बसायला."

"माझ्या दुकानात?"

"नाही, रस्त्यात बसेन! तुझ्याच दुकानात. चहा ठेव."

चष्मेवाले निळं कापड बघायला दादाबरोबर शेल्फाकडे गेले. चिऊने ओल्या टॉवेलने स्टूल पुसलं आणि पेटी मिटायला घेतली. तेवढ्यात आईची काठी टकटकत आली आणि कुणी हात देण्याआधीच ती त्या स्टुलावर बसली.

"माझं बघ," ती चिऊला म्हणाली.

"तुझं, आजी?"

"मग? मला नाही फोटोत यायचं?"

चिऊ पुढे होणार, तोच आत्याने तिच्या हातातला टॉवेल घेतला. "दे इकडे. मी करते." तिने आईची हनुवटी धरली. एखाद्या बुजऱ्या वासराची धरावी तशी, घट्ट पण दुखणार नाही अशी. तिने टॉवेलने आईच्या गालांवरची पावडर हळूहळू पुसून काढली. आईने एकदा तोंड वेडंवाकडं केलं, मग गप्प बसली. पावडरीखालून एक पातळ, पिवळसर, सुरकुत्यांचा चेहरा उन्हात आला. आत्याला आठवेना, तो तिने याआधी कधी बघितला होता.

थोरलीने न विचारताच फिकट गुलाबी तागा आणून दिला. आत्याने तो आईच्या हनुवटीखाली धरला आणि मान डावीकडे वळवून बघितलं, मग उजवीकडे. सगळ्या जणी जवळ आल्या.

"काय?" आईने विचारलं. "सांग की. कसा दिसतोय?"

"आई," आत्या म्हणाली, आणि तिला इतकं हसू यायला लागलं की कापड हातात थरथरायला लागलं, "गुलाबी तुला अजिबात शोभत नाही."

दुकानात एकदम हशा उसळला. आईने आरशात बघितलं, चष्मा वर केला, परत खाली घेतला, आणि पुन्हा बघितलं.

"खरंच की," ती म्हणाली. "मेला कावीळ झाल्यासारखा दिसतोय." मग ती स्टुलावर नीट सरसावून बसली आणि काठी थोरलीच्या हातात दिली. "मग मला काय शोभतं?"

"थांब," आत्या गुलाबी खांद्यावर टाकत म्हणाली. "अख्खं दुकान पडलंय. दादा, शिडी लाव."